तळ्यापाशी वाट पाहा

दारात बुटांचे आठ जोड होते, आणि एक एकटा बूट होता. आठांपैकी तीन जोड हुबेहूब सारखे होते, कारण ते तिघी बहिणींचे होते आणि त्यांनी ते एकाच दुकानातून, एकाच दिवशी, घासाघीस करून घेतले होते. एक जोड आकारानं सगळ्यांत लहान होता आणि त्याच्याशेजारी काठी टेकवलेली होती. एकट्या बुटाचा जोडीदार पलंगाखाली पडून होता. ज्या पायात तो जायचा, तो पाय बैठकीच्या खोलीत दोन उशांवर विराजमान झाला होता. अंगठ्याला बँडेज होतं आणि ते सुटू नये म्हणून त्यावर आणखी एक बँडेज होतं.

पायाचे मालक जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना होकायंत्र म्हणत. आदल्या संध्याकाळी ते त्यांच्या अंतर मोजायच्या चाकाला तेल देत होते. लांब दांड्याचं, जमिनीवर ढकलत नेलं की दर मीटरला ‘टक्’ वाजणारं ते लोखंडी चाक टेबलावरून निसटलं आणि थेट अंगठ्यावर आलं. “पंच्याहत्तर सेंटिमीटरवरून पडलं,” असं डॉक्टरांनी न विचारताच त्यांनी सांगितलं होतं.

होकायंत्र दर रविवारी लोकांना सोप्या वाटांनी फिरायला नेत. थोडं माळरान, एखादी बुटकी टेकडी, मध्ये झाडी, शेवटी पाणी. चढ इतकाच, की बोलणं तुटू नये. गेली अकरा वर्षं हा गट चालला होता, आणि आज पहिल्यांदाच नेणारा माणूस आडवा होता.

“मग आज रद्द?” मॅनेजरांनी विचारलं. ते बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक. त्यांच्या आवाजात दुःख होतं. चेहऱ्यावर नव्हतं.

“रद्द कशाला? मी नेते,” बाई म्हणाल्या.

तिघी बहिणीसुद्धा बोलायच्या थांबल्या. बाई म्हणजे होकायंत्रांची बायको. बालवर्गाला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, नवरासुद्धा. फिरायला जाताना त्यांची जागा रांगेच्या शेवटी, सगळ्यांत हळू चालणाऱ्या आजींच्या सोबतीला. अकरा वर्षांत त्यांनी एकही टेकडी समोरून पाहिली नव्हती. टेकडी म्हणजे पुढच्या माणसाची पाठ, अशीच त्यांची समजूत होत चालली होती.

“तू?” होकायंत्र म्हणाले. “अगं, तुला डावं-उजवं कळत नाही.”

“कळतं की. घड्याळाचा हात आणि बिनघड्याळाचा हात.”

“आज घड्याळ कुठाय?”

“दुरुस्तीला दिलंय.”

मॅनेजर खाकरले. “हे बघा, मी काही वाईट माणूस नाही,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी कर्ज नाकारताना आयुष्यभर वापरलं होतं. “पण हा चालायचा गट आहे की गोगलगाईंचं संमेलन? आपण तो मोठा सुळका चढायला हवा. छाती भरून यायला हवी. पण नाही! कुणाच्या तरी काठीच्या वेगानं सगळ्यांनी जायचं.”

“मॅनेजर, पाय गेलेत माझे, कान नाही गेलेले,” कोपऱ्यातून आजी म्हणाल्या. लहान जोड आणि काठी त्यांची होती. त्या केमिस्टच्या आई. केमिस्ट आणि त्यांची बायकोही गटात होती, पण ती दोघं बहुतेक वेळ एकमेकांना गप्प करण्यात घालवत.

“तुमचं नाव घेतलं का मी? मी तत्त्वाचं बोलतोय,” मॅनेजर म्हणाले. “आज बाईंनी न्यावं. अख्खा गट तळ्यापलीकडच्या बसथांब्यावर आपापल्या पायांनी पोचला, तर मी जन्मात सुळक्याचं नाव काढणार नाही. एक जरी माणूस कमी पडला, तर पुढच्या रविवारपासून सुळका. ज्यांना झेपेल त्यांनी यावं.”

‘ज्यांना झेपेल’ या शब्दांवर पत्ता लिहिलेला नव्हता, पण ते कुणाच्या घरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवार सोडला तर आजींचं जग म्हणजे औषधाच्या दुकानामागची खोली आणि तिच्या खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. आजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दारात जाऊन बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ मारली.

“ठीक आहे, मी फोनवरून नेतो,” होकायंत्रांनी जाहीर केलं. “नकाशा मांडीवर, फोन कानाला. तू फक्त पाय उचल.”

रस्त्यावर आल्यावर बाईंनी टाळी वाजवली. “चला, जोड्या करा!”

“बाई, आम्ही साठीच्या पुढचे आहोत,” केमिस्ट म्हणाले.

“म्हणूनच. हात धरा. बायकोचा धरा, दुसऱ्या कुणाचा नाही.”

तिघी बहिणी सुटायला तयार नसल्यानं त्यांची तिघींची एक जोडी झाली. उरले मॅनेजर आणि आजी. बाईंनी आजींचा हात मॅनेजरांच्या हातात दिला. “पळणाऱ्याला हळू चालणाऱ्याशी बांधायचं,” त्या म्हणाल्या. “वर्गातला पहिला नियम.”

माळावर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि वारा त्यात हात फिरवल्यासारखा जात होता. बाईंच्या हातातला फोन मात्र अखंड बोलत होता.

“आता डावीकडे एक वठलेलं झाड दिसेल. दिसलं?”

“नाही.”

“दिसायलाच हवं. मी स्वतः पाहिलंय.”

“कधी?”

“बरेच दिवस झाले.”

“पडलं असेल हो.”

“कसं पडेल? नकाशात उभं आहे.”

मागून आजी ओरडल्या, “बाई, त्यांना म्हणावं डोळे मिटून पडा जरा! आम्हाला दिसतंय सगळं!”

झाडाविनाच वाट पुढे गेली. ती टेकडीला वळसा घालत हळूच वर चढली, झाडीत शिरली, आणि पायांखाली पानांचा मऊ थर आला. झाडी संपली तिथं बाई एकदम थांबल्या. खाली तळं होतं. लांबट, निळसर, काठाला लव्हाळे, मधोमध चार पाणपक्षी. बाईंच्या आणि तळ्याच्या मध्ये एकही पाठ नव्हती.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “हे इतकं मोठं असतं होय?”

“तळं दिसलं का?” फोन म्हणाला. “छान. आता नीट ऐक, इथंच सगळे चुकतात. तळ्यापाशी पोचलात की वाट पाहा…”

आणि फोन गप्प झाला. उतार लागला होता, टेकडी मध्ये आली होती, रेंज गेली होती.

होकायंत्रांचं पुढचं वाक्य बैठकीच्या खोलीत, दोन उशांच्या साक्षीनं, पूर्ण झालं: “…काठानं डावीकडे गेलेली, लव्हाळ्यांतून. हॅलो? हॅलो?”

तळ्यापाशी एक लाकडी बाक होता. बाईंनी सगळ्यांना तिथं नेलं, आजींना बसवलं आणि बाकीच्यांना जोडीजोडीनं उभं केलं.

“का थांबलो?” मॅनेजरांनी विचारलं.

“त्यांनी वाट पाहायला सांगितलंय.”

“कुणाची?”

“ते सांगायच्या आत फोन गेला.”

वाट कुणाची पाहायची, याविषयी लगेच तीन मतं तयार झाली. केमिस्टच्या मते पलीकडून नाव येणार होती. केमिस्टच्या बायकोच्या मते नावबिव काही नव्हती, आज बाईंचा वाढदिवस असणार आणि होकायंत्रांनी गुपचूप काहीतरी ठरवलं असणार. “नवरे करतात असं. काही काही नवरे,” असं म्हणून तिनं केमिस्टकडे पाहिलं. थोरल्या बहिणीला वाटलं, ऊन उतरायची वाट पाहायची असेल. मधलीला आणि धाकटीला तेच वाटलं.

“माझा वाढदिवस नाहीये,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत नसेल,” केमिस्टची बायको म्हणाली.

मॅनेजर खुशीत आले होते. थांबलेला गट म्हणजे न पोचलेला गट, हे गणित त्यांनी मनातल्या मनात सोडवलं होतं. “थांबू की! सांगितलंय तर थांबायलाच हवं. संध्याकाळपर्यंत थांबू.”

इतक्यात टेकडीवरून पिवळ्या टी-शर्टांचा एक घोळका उतरला. एका विमा कंपनीतली मंडळी होती. साहेबांनी सगळ्यांना निसर्गात पाठवलं होतं आणि निसर्गात नक्की काय करायचं असतं हे त्यांना कळत नव्हतं. तळ्याच्या काठी माणसं जोडीनं, शिस्तीत उभी पाहून त्यांना हायसं वाटलं.

“काय आहे इथं?” त्यांच्यातल्या एकीनं विचारलं.

“वाट पाहतोय,” थोरली बहीण म्हणाली.

“नावेची ना?” असं म्हणून ती मागे उभी राहिली. तिच्या मागे तिचं ऑफिस उभं राहिलं.

रांगेला कारण लागत नाही, फक्त शेवट लागतो. तो सापडला की माणसं त्याला येऊन चिकटतात. सायकली ढकलत आलेलं एक कुटुंब चिकटलं. दुर्बीण गळ्यात घातलेले दोन पक्षीनिरीक्षक चिकटले आणि पक्षी सोडून रांगेचं निरीक्षण करू लागले. कुणीतरी तिकीट किती विचारलं. कुणीतरी सांगितलं, ज्येष्ठांना सवलत आहे. मग पिवळ्यांपैकी दोघं बाजूनं पुढे सरकले आणि सायकलवाले म्हणाले, “ओ, आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत का?”

ते ऐकलं आणि मॅनेजरांच्या अंगातला मॅनेजर जागा झाला. त्यांनी आजींना बाकावर ठेवलं, काठावरचे गुळगुळीत गोटे उचलले, खिशातल्या पेनानं त्यांच्यावर आकडे टाकले आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. “टोकन घेतल्याशिवाय कुणीही पुढं यायचं नाही! तुम्ही, पिवळे! कितवा नंबर? मग मागं जा! काउंटरवर गर्दी करू नका!” त्यांचे गाल तजेलदार झाले. निवृत्तीनंतर इतका चांगला रविवार त्यांना लाभला नव्हता.

“सुटला बिचारा,” आजी बाईंना हळूच म्हणाल्या. “चला, मला जरा झाडामागं जायचंय.”

बाई त्यांना बाकामागच्या झाडीत घेऊन गेल्या. योग्य झाड शोधता शोधता थोडं आत गेल्या, आणि पानांखाली पाय एकदम सपाट जमिनीवर पडला. बाईंनी बुटानं पानं बाजूला सारली. कुठल्या तरी काळी लाकडं वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी केलेला रुंद, कठीण रस्ता होता तो. तळ्याला समांतर, झाडांच्या सावलीतून, न चढता न उतरता पुढे गेलेला. आजी त्यावर चार पावलं गेल्या, आणखी चार गेल्या. मग त्यांनी काठी काखेत मारली.

“बाई, इथं तर मी नाचेनसुद्धा.”

“नाचू नका. आधी आलात ते काम उरका.”

त्याच वेळी होकायंत्र बसथांब्यावर टॅक्सीतून उतरत होते. गट कधीचा पलीकडे पोचायला हवा होता. फोन लागत नव्हता. घरी बसून त्यांनी नकाशावर बायको हरवण्याच्या सर्व शक्यता पेन्सिलीनं काढल्या होत्या, आणि प्रत्येक शक्यतेच्या टोकाला एक प्रश्नचिन्ह होतं. शेवटी ते उठले. डाव्या पायात बूट, उजव्यात बाईंची फुलाफुलांची रबरी चप्पल, हातात आधाराला तेच चाक. आपल्या नकाशातल्या काठच्या वाटेनं उलट जायचं, म्हणजे मध्ये कुठेतरी गट भेटेलच, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेबात चूक नव्हती. चूक तळ्यात होती. गेल्या वर्षी बंधाऱ्याची दारं उंचावली होती. ती बातमी सगळीकडे येऊन गेली होती, पण होकायंत्रांचा बातम्यांपेक्षा नकाशावर जास्त विश्वास. वाटेचा बाकाजवळचा टप्पा पाण्याखाली जाऊन त्याचा चिखल झाला होता, आणि चिखलावर इतकं सुंदर हिरवं गवत उगवलं होतं, की कुणालाही त्यावर पाय ठेवावासा वाटावा.

रांगेतल्या लोकांनी आधी आवाज ऐकला. टक्. टक्. टक्. लव्हाळ्यांच्या पलीकडून काहीतरी मीटर-मीटरनं जवळ येत होतं.

“आली नाव!” केमिस्ट ओरडले.

“नाव टक्-टक् करते का?” त्यांची बायको म्हणाली.

मग टक् थांबलं. त्याजागी ‘फचाक’ झालं. आणि मग एक ओळखीचा आवाज म्हणाला, “अगं ए! कुणी आहे का?”

बाई नुकत्याच झाडीतून बाहेर येत होत्या. हा आवाज त्यांना अडतीस वर्षं ओळखीचा होता. पण तो इतक्या खालून कधी आला नव्हता.

लव्हाळे बाजूला सारले तेव्हा होकायंत्र कमरेपासून वर दिसले. फुलाफुलांची चप्पल चिखलाच्या मालकीची झाली होती.

“हलू नका!” बाई म्हणाल्या आणि वळल्या. त्यांनी टाळी वाजवली. अशी टाळी, की पिवळे, सायकलवाले, पक्षीवाले, सगळे आपोआप ताठ झाले. “सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा! लहान-मोठं बघायचं नाही! मागच्यानं झाडाला धरा! मी म्हणेपर्यंत कुणी सोडायचं नाही!”

झाडापासून चिखलापर्यंत माणसांची माळ तयार झाली. मॅनेजर टोकनच्या क्रमानं उभं करत होते, ते बाईंनी बंद केलं. सगळ्यांत पुढे केमिस्टची बायको होती, कारण तिची पकड सगळ्यांत घट्ट होती हे केमिस्टनी स्वतः शपथेवर सांगितलं. बाई म्हणाल्या, “ओढा!” आणि होकायंत्र, बाटलीचं बूच निघावं तसे, आवाज करून बाहेर आले. चाकासकट. माळेतून टाळ्यांचा गजर झाला.

“इथं बसून काय करताय तुम्ही सगळे?” काठावर पडल्या पडल्या होकायंत्रांनी विचारलं.

“वाट पाहतोय. तुम्हीच सांगितलंत.”

“अगं, वाट म्हणजे वाट! रस्ता! पायवाट! ती पाहा म्हणालो, तिची पाहा नाही म्हणालो!”

मागे कुणीतरी हळूच विचारलं, “म्हणजे नाव नाहीये?”

“मग पायवाट म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून तुम्ही ऑफिसच्या फाटकात, स्टेशनात, सरकारी कचेरीत, दिसेल तिथं मला ‘वाट पाहा’ म्हणून उभं करून गेलात. आता तो शब्द ऐकला की माझे पाय आपोआप थांबतात. बरं, कुठली वाट पाहायची होती?”

होकायंत्रांनी बोट दाखवलं. ते नुकतेच जिथून निघाले होते, तिथंच.

“चांगली आहे,” आजी म्हणाल्या. “पाहिली असती, तर आम्ही आठही जण आत असतो आणि ओढायला कुणी नसतं.”

मॅनेजरांनी यातूनही आपला मुद्दा शोधून काढला. “म्हणजे वाट बंद. म्हणजे पलीकडे पोचणार नाही. म्हणजे…”

“मी पाहिलीय वाट,” बाई म्हणाल्या.

“कुठली?”

“ही झाडीतली. गाडीरस्ता आहे चांगला, सपाट. जोड्या करा.”

“नकाशात तिथं रस्ता नाही,” होकायंत्र म्हणाले, पण हे बोलताना त्यांच्या भुवईवरून चिखल ओघळला आणि वाक्याचं वजन कमी झालं.

बाई पुढे निघाल्या. मागे तिघी बहिणी, मग केमिस्ट आणि बायको, मग आजी. नावेसाठी थांबलेल्या मंडळींना आता घरी जायचंच होतं, तेव्हा तीही जोडीजोडीनं मागे लागली. मॅनेजर मात्र एका जागी राहीनात. टोकन दिलेल्या माणसांची जबाबदारी आपली, असं म्हणत ते रांगेच्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत धावत मोजत होते, आणि पिवळे मुद्दाम जागा बदलत असल्यानं आकडा दर वेळी निराळा येत होता. सगळ्यांत शेवटी होकायंत्र होते. एका पायात बूट, दुसऱ्यावर कुणीतरी दिलेला पिवळा टी-शर्ट गुंडाळलेला. झाडांतून उन्हाचे कवडसे पडत होते. उजव्या हाताला तळं मधूनमधून चमकत होतं. ते पाहायला होकायंत्रांना मान तिरकी करावी लागत होती, कारण समोर सगळ्या पाठीच होत्या. पुढून बाईंचा आवाज आला, “दमलं का कुणी?” आणि अख्ख्या रांगेनं, वर्गात देतात तसं, एका सुरात उत्तर दिलं, “नाऽऽही, बाई!”

झाडी संपली आणि समोर बसथांबा होता.

मॅनेजर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. त्यांनी गट मोजला, पुन्हा मोजला. “अख्खा आहे,” ते म्हणाले. “जास्तच आहे.” मग दोन श्वास घेऊन त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. “पण पोचणं वेगळं आणि झेपणं वेगळं. आजींकडे बघा. चेहरा केवढा लाल झालाय.”

“उन्हानं झालाय,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “बाळा, बघ रे माझी नाडी. आणि झाली की ह्यांचीही बघ. सकाळी बाईंनी आमची जोडी लावलीय.”

केमिस्टनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आधी आईची नाडी मोजली, मग मॅनेजरांची.

आजींची मिनिटाला ब्याऐंशी भरली. मॅनेजरांची एकशे चौदा.